२/७ आणि ३/७ मिळून ५/१४ का होत नाहीत? चित्र काढून भांडणाऱ्या मुलाला काय सांगावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईंनी विचारलंय: "मुलगा सहावीत आहे, मराठी माध्यम. समच्छेद अपूर्णांकांची बेरीज आली की वर-खाली दोन्हीकडे मिळवतो. २/७ + ३/७ दिलं की ५/१४ लिहितो. 'छेद तसाच ठेवायचा' हे पाठ करून घेतलं की दोन दिवस नीट करतो, मग परत चौदा. परवा त्याने वहीत चित्रच काढून दाखवलं आणि म्हणाला, 'मोजून बघ की आई, चौदाच घरं आहेत.' मला पुढे बोलता येईना. नियम मला माहीत आहे, कारण सांगता येत नाही. चाचण्यांचे गुण मिळवताना सर छेदही मिळवतात की, असंही तो विचारतो. त्याला कसं समजवायचं? आणि भिन्न छेदांची बेरीज आत्ताच सुरू करू का?"

ताई, तुमच्या मुलाचं चित्र बरोबर आहे, मोजणीही बरोबर आहे. फक्त मोजता मोजता त्याने 'पूर्ण' बदलून टाकलं, म्हणून उत्तर चुकलं. 'छेद तसाच ठेव' या वाक्यातून हे त्याला कधीच कळणार नाही. ते वाक्य घोकलेली मुलं पुढे २/७ × ३/७ आलं तरी खाली सातच लिहितात, आणि ३/४ + १/८ आलं की चार ठेवायचा का आठ, म्हणून तोंडाकडे बघत बसतात. मी सीमाभागातल्या मराठी शाळांत गणित शिकवतो. पाचवी-सहावीच्या वर्गात हे चौदा हटकून भेटतं, आणि ते लिहिणारी मुलं बहुधा डोकं चालवणारी असतात. बाकीची नियम मुकाट गिळतात.

त्याने काय केलं असणार ते बघू. सात घरांची एक पट्टी काढली, तिच्यात दोन घरं रंगवली. शेजारी सात घरांची दुसरी पट्टी काढली, तिच्यात तीन रंगवली. रंगवलेली मोजली, पाच. सगळी मोजली, चौदा. आता त्याच्याशी वाद घालू नका, एवढंच विचारा: "हे ५/१४ कशाचे?"

तो म्हणेल, "या सगळ्याचे."

"सगळं म्हणजे किती पट्ट्या?"

"दोन."

"आणि आधी २/७ लिहिलंस ते किती पट्ट्यांचे होते?"

इथे बहुतेक मुलं थांबतात. त्याला थांबू द्या, उत्तर तुम्ही पुरवू नका. २/७ हे एका पट्टीचे होते, ३/७ही एकाच पट्टीचे. उत्तर लिहिताना मात्र त्याने दोन पट्ट्या मिळून एक 'पूर्ण' धरलं. दोन पट्ट्यांचे ५/१४ आणि एका पट्टीचे ५/७, दोन्ही म्हणजे तीच पाच घरं. म्हणजे त्याचं चित्र खोटं नाही. पण प्रश्न एका पट्टीच्या मापात विचारलाय, तेव्हा उत्तरही त्याच मापात द्यायला हवं.

मग कात्री घ्या. चौकटीच्या वहीतल्या कागदाच्या सात-सात घरांच्या दोन पट्ट्या कापा, एकीत दोन घरं रंगवा, दुसरीत तीन. दुसऱ्या पट्टीतली तीन रंगीत घरं कापून पहिल्या पट्टीतल्या मोकळ्या घरांवर ठेवायला सांगा. पहिल्या पट्टीत पाच घरं मोकळी होती. तीन झाकली गेली, दोन उरली. एका पट्टीत सातपैकी पाच घरं भरली, ५/७. दुसऱ्या पट्टीची उरलेली चार कोरी घरं हातात राहतात. त्यांचं काय करायचं, हे त्यालाच विचारा. "ती बेरजेत नव्हतीच," हे त्याच्या तोंडून आलं की काम झालं. चौदा आले होते ते या कोऱ्या घरांमुळे. ती कुणी मिळवायला सांगितलीच नव्हती.

यापुढे चित्र काढायचं तर पहिल्यापासून एकाच पट्टीत, दोन रंगांनी. दोन वेगळ्या आकृत्या काढून मधे अधिकचं चिन्ह टाकायची पद्धत फार रुळलेली आहे, पण मुलाला तिथे दोन 'पूर्ण' दिसतात आणि तो प्रामाणिकपणे दोन्ही मोजतो. माझ्या मते निम्मा घोटाळा त्या चित्रातच आहे. भाकरीचंही तसंच. चार वाटे करायला भाकरी ठीक, पण सात सारखे तुकडे कुणाला करता आलेत? वाटे लहानमोठे झाले की मुलाला सातवा भाग म्हणजे 'सातातला कुठलाही एक तुकडा' वाटायला लागतो. तेव्हा घरांचीच पट्टी बरी.

आता त्याच्या उत्तराची तपासणी त्यालाच करायला लावा. ५/१४ मोठे की ३/७? ३/७ म्हणजे ६/१४. म्हणजे ३/७ मध्ये २/७ घातले आणि जमा झाले ते ३/७ पेक्षाही कमी! घातल्यावर कमी कसं होईल? मुलं इथे हसतात, मग पुन्हा हिशेब करतात. त्याहून सोपं पाहिजे असेल तर १/२ + १/२ द्या. त्याच्या रीतीने २/४ येतं, म्हणजे परत अर्धाच. अर्धा आणि अर्धा मिळून अर्धा, हे त्याला स्वतःलाच पटणार नाही. (हुशार मुलाला आणखी एक गंमत दाखवता येते. छेद सारखे असताना वर-खाली मिळवलं की दोन अपूर्णांकांची सरासरी येते. २/७ म्हणजे ४/१४, ३/७ म्हणजे ६/१४, आणि ५/१४ बरोबर मधोमध. तुमच्या मुलाला बेरीज आली नाही, पण सरासरी मात्र अचूक आली.)

दुसरी गोष्ट वाचण्याची. तो '२/७' कसं वाचतो ते ऐका. 'दोन छेद सात' असं वाचत असेल तर त्याच्या कानाला दोन सुट्या संख्या ऐकू येतात, आणि दोन संख्या दिसल्या की मूल दोन्ही मिळवणारच. काही दिवस 'दोन सप्तमांश' म्हणायला लावा. दोन सप्तमांश आणि तीन सप्तमांश मिळून किती? पाच सप्तमांश. हे पट्टीशिवायसुद्धा तोंडातून निघतं. तुमच्याकडे भाताचं पीक, म्हणून त्या भाषेत सांगतो: दोन पायली आणि तीन पायली भात मिळून पाच पायली होतो, पायलीत पायली घातली म्हणून मापाचं नाव बदलत नाही. सप्तमांश हे इथलं माप आहे. खालचा सात कुठल्या मापाने मोजतोय ते सांगतो, वरचा आकडा किती मापं ते सांगतो. बेरीज मापांच्या संख्येची.

'सातपैकी दोन' हे वाचनही चालतं, पण पुढे एका ठिकाणी ते घात करतं. ५/८ + ६/८ घ्या. उत्तर ११/८. आता 'आठपैकी अकरा' म्हटलं की मूल म्हणतं, असं कसं होईल, आठातून अकरा कुठून काढणार? मग ते घाबरून खाली सोळा करून मोकळं होतं. 'अकरा अष्टमांश' म्हटलं तर अडचण नाही. आठ अष्टमांशांची एक पट्टी भरली, तीन अष्टमांश दुसरीत गेले, १ पूर्णांक ३/८. दुकानात हेच मूल बिनचूक करतं. तीन पाव साखर आणि दोन पाव साखर मिळून पाच पाव, म्हणजे सव्वा किलो, हे सांगायला त्याला कागद लागत नाही. तेच कागदावर ३/४ + २/४ = ५/४ = १ पूर्णांक १/४. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड घरात रोज बोलले जातात. तिथून सुरुवात केली तर छेद चारची सगळी उदाहरणं एका संध्याकाळी होतात.

हा नियम जुना आहे, आणि जुन्यांनी त्याचा फार बाऊ केला नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) तो एका ओळीत उरकलाय: हर सारखे असतील तर अंशांची बेरीज किंवा वजाबाकी करा, आणि ज्या राशीला हर नाही तिचा हर १ माना. हर म्हणजे आपला छेद. त्या काळी अंश वर, हर खाली असाच लिहीत, मधे रेघ नसे. छेद सारखे कसे करायचे ते त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे बेरजेला एक ओळ पुरली.

त्या ओळीतला दुसरा भाग मुलांना जास्त छळतो. १ − ३/७ द्या. पुष्कळ मुलं गप्प बसतात किंवा २/७ लिहितात, कारण वर १ आणि ३ दिसले की फरक दोन. एकाला छेद १, म्हणजे १/१. आणि तीच अख्खी पट्टी सात घरांत बघितली की ७/७. आता ७/७ − ३/७ = ४/७. तुमच्या मुलाला पट्टी खरंच कळली आहे का हे बघायला माझ्या मते याहून चांगलं उदाहरण नाही. बेरीज पाठांतरावर जमते, हे जमत नाही.

मग पूर्णांकयुक्त अपूर्णांक. २ पूर्णांक ३/५ आणि १ पूर्णांक ४/५ यांची बेरीज: पूर्णांक तीन, पंचमांश सात, पाच पंचमांशांचा एक झाला, उरले दोन, उत्तर ४ पूर्णांक २/५. हे जमतं. वजाबाकीत मात्र एक चूक ठरलेली आहे. ३ पूर्णांक १/५ मधून १ पूर्णांक ४/५ वजा करायचे. एकातून चार जात नाहीत, म्हणून मूल शेजारच्या तीनाकडून एक उसना घेतं आणि, सवयीने, त्याचे दहा करतं. १ चे ११ होतात, ११ − ४ = ७, आणि उत्तर येतं १ पूर्णांक ७/५. इथे उसना घेतलेला एक म्हणजे पाच पंचमांश. १ आणि ५ मिळून ६; ६/५ − ४/५ = २/५; उत्तर १ पूर्णांक २/५. हातचा किंवा उसना दहाचाच असतो असं कुठे आहे? तो मापावर ठरतो. पट्टीत सात घरं असतील तर सातावर, पाच असतील तर पाचावर.

आपल्याकडे हे शिकवायला फार सोपं साधन आहे, आणि ते बहुतेक घरांत कपाटात पडलेलं असतं: जमिनीचा उतारा. आपल्याकडच्या पहाणीवर (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) क्षेत्र एकर, गुंठे, आणे असं असतं. ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. म्हणजे गुंठे ही छेद ४० ची बेरीज आणि आणे ही छेद १६ ची. ७ गुंठे आणि १३ गुंठे मिळून २० गुंठे, अर्धा एकर; ७/४० + १३/४० = २०/४० = १/२. एकराचे ऐंशी गुंठे झाले असं कुणी म्हणत नाही. आता जरा मोठं उदाहरण त्याला करू द्या. एक तुकडा १ एकर २७ गुंठे ९ आणे, दुसरा १८ गुंठे १२ आणे. आणे ९ + १२ = २१; सोळांचा एक गुंठा, उरले ५ आणे. गुंठे २७ + १८ + हातचा १ = ४६; चाळीसांचा एक एकर, उरले ६. एकूण २ एकर ६ गुंठे ५ आणे. एकाच उदाहरणात हातचा एकदा सोळावर, एकदा चाळीसावर. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याआधी रुपयाही सोळा आण्यांचाच होता. घरात त्या वेळचं शिकलेलं कुणी असेल तर मुलाला त्यांच्याकडे पाठवा, सोळाचा हातचा ते तोंडी करून दाखवतील.

मोठी माणसंसुद्धा इथे फसतात. १ एकर २७ गुंठे '१.२७' असं लिहायची सवय असते. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १.२७ + ०.१८ केलं की १.४५ येतं. एक एकर पंचेचाळीस गुंठे? ते २ एकर ५ गुंठे. यंत्र शंभरावर हातचा घेतं, एकर चाळीसावर भरतो. आणि सीमेवरच्या ज्या घरांची थोडी जमीन बेळगाव-खानापूरकडे आणि थोडी महाराष्ट्रातल्या चंदगडकडे आहे, त्यांची आणखी पंचाईत. तिकडचा सातबारा हेक्टर आणि आर मध्ये, १०० आरचा हेक्टर. गुंठा आणि आर क्षेत्राने जवळजवळ सारखेच (गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, आर १०० चौरस मीटर), म्हणून बोलताना लोक दोन्ही एकच धरतात. पण हातचा वेगळा. ३० आणि ८० गुंठे मिळून २ एकर ३० गुंठे. ३० आणि ८० आर मिळून १ हेक्टर १० आर. वर सारखेच आकडे, खाली ४० आणि १००.

आता चाचणीच्या गुणांचा प्रश्न. मुलाने तो विचारला हे मला फार आवडलं, कारण शिक्षकही त्याचं उत्तर सहसा देत नाहीत. पहिल्या चाचणीत २० पैकी १५, दुसरीत २० पैकी १८, एकूण ४० पैकी ३३. इथे खाली मिळवलं, आणि ते बरोबरच आहे. कारण इथे 'पूर्ण' खरंच वाढलं. दोन प्रश्नपत्रिका झाल्या, एकूण चाळीस गुण मिळण्यासारखे होते, त्यातले तेहेतीस मिळाले. दोन पट्ट्या मिळून एक पूर्ण धरायचं, असं इथे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. तिरकी रेघ तीच असल्याने ही अपूर्णांकांची बेरीज वाटते, पण हे दोन गठ्ठे एकत्र करून नव्याने मोजणं आहे. क्रिकेटमध्येही तसंच: एका सामन्यात ६ पैकी २ चेंडूंवर चौकार, दुसऱ्यात ६ पैकी ३, तर एकूण १२ पैकी ५. तेव्हा त्याला सांगा, तुझं ५/१४ चाचणीच्या हिशेबात चाललं असतं. सातपैकी दोन आणि सातपैकी तीन गुण मिळाले असते तर एकूण चौदापैकी पाचच लिहिले असते.

एवढं कळलं की एक फसवं उदाहरण घाला. एका शेताचं क्षेत्र ७ एकर, त्याच्या २/७ भागात ऊस. दुसरं १४ एकर, त्याच्या ३/७ भागात ऊस. एकूण किती भागात ऊस? छेद सारखे आहेत म्हणून पोरं धाडकन ५/७ लिहितात. पण पहिल्यात ऊस २ एकर, दुसऱ्यात ६ एकर, मिळून ८, जमीन एकूण २१ एकर, उत्तर ८/२१. ५/७ नाही आणि ५/१४ही नाही. छेद सारखे असले तरी दोन्हीकडचा सप्तमांश सारखा नाही, एकीकडे तो एक एकराचा आणि दुसरीकडे दोन एकरांचा. या उदाहरणावर घाई करू नका, पहिल्या दिवशी रडारड होते.

संक्षिप्त रूपाबद्दल एक. ३/८ + १/८ = ४/८ लिहिलं तर ते बरोबर आहे. 'अतिसंक्षिप्त रूप द्या' असं विचारलेलं नसताना त्यावर लाल शाई मारू नये, असं माझं मत आहे. बेरीज पक्की होईपर्यंत ४/८ तसंच राहू दे. १/२ पट्टीवर दिसतोच, चार घरं भरली की अर्धी पट्टी भरते. ते बघायला वेगळा दिवस ठेवा.

भिन्न छेद आत्ताच सुरू करू का? शाळेत आलं असेल तर थांबवता येणार नाही, पण घरी थांबा. १ − ३/७, ५/८ + ६/८ आणि ३ पूर्णांक १/५ − १ पूर्णांक ४/५ ही तीन उदाहरणं तो पट्टी न काढता, कारण सांगत करायला लागला की पुढे जा. तेव्हाही लसाविने (लघुतम साधारण विभाज्य) सुरुवात नको. आधी १/२ + १/४, मग २/५ + ३/१०, म्हणजे एक छेद दुसऱ्यात बसणारे घ्या. दोन पंचमांशांची घरं मधून कापली की चार दशांश होतात, चार आणि तीन सात दशांश, ७/१०. घरं एका आकाराची करून घ्यायची, मग पुढची बेरीज त्याला आलेलीच असेल. १/२ + १/३ सारखी, दोन्ही छेद बदलावे लागणारी उदाहरणं त्यानंतर. तेव्हा सहा घरांची पट्टी त्यालाच शोधू द्या. पाच घरांची घेऊन बघेल, अर्ध्यावर रेघ मारताना घर कापलं जाईल, मग आठ घेईल, तिथे तिसरा भाग जमणार नाही. दोन-तीन पट्ट्या वाया जातील, त्या जाऊ द्यात.